बदलीवाल्यांचे दोनशे चाळीस दिवस

हिंगणघाट आणि पुलगाव या वर्धा जिल्ह्यातल्या गावांनी कित्येक पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर आपली घड्याळे लावली. भोंगा झाला की फाटकाशी दोन प्रकारची माणसे असत. ज्यांची नावे हजेरीपटावर होती ती आत जात. बाकीची बाहेर थांबत. कुणाचा खाडा पडला, कुणी तापाने झोपला, कुणी लग्नाला गावी गेला, की जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, बाहेरच्यांपैकी एखाद्याला आत घेई. त्या दिवशी त्याची चूल पेटे. नाव पुकारले गेले नाही तर तो आल्या वाटेने परत जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई, कारण एक दिवस चुकला की जॉबर त्याला विसरणार. हा बदलीवाला.

इंग्लंडात गेली दहा-पंधरा वर्षे ‘झिरो अवर’ कराराचा मोठा गवगवा आहे. मालकाने बोलावले तर काम आणि तेवढाच पगार. न बोलावले तर काहीच नाही. पण माणसाने तयार मात्र राहायचे. तिथे दहा लाखांहून अधिक लोक अशा करारावर आहेत. आपल्याकडे हाच व्यवहार शंभर वर्षांपूर्वी कागदाविना चालत होता. त्याला कायद्याच्या चौकटीत आणायला सरकारला किती काळ लागला आणि शेवटी नेमके काय हाती आले, हे वर्ध्याकडून पाहिले तर जास्त स्पष्ट दिसते. या एका जिल्ह्यात कापसाची तिन्ही कामे होती: सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या जिनातले हंगामी काम, गिरणीतले बदलीचे काम आणि बाजारातली हमाली. कायद्याने या तिघांना वेगवेगळे वागवले.

सुरुवात कापसापासून. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि इंग्रजांची नजर वर्धा नदीच्या खोऱ्याकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तोवर व्यापाऱ्यांत नावाजलेला होताच. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवले. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि कापूस पिकतो तिथेच सूत काढावे, हा हिशेब पटलेल्या सावकारांनी आपली भांडवले बाहेर काढली. एकोणिसावे शतक संपता संपता हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद यांची आणि रेखचंद मोहता यांची अशा दोन गिरण्या झाल्या, पुलगावला एक. जिल्हाभर जिन आणि प्रेस उभे राहिले ते वेगळेच.

पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. ज्या जिनाचा हंगाम चार महिन्यांत आटोपला, तो या कायद्याच्या बाहेर. खानदेशातल्या जिनांची माहिती काही वर्षांनी मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे आली, तेव्हा पहाटे पाच ते रात्री दहा असे तास निघाले. काम करणाऱ्यांत बायका बहुसंख्य होत्या. विदर्भात त्यांना रेजा म्हणत. सरकीपासून रुई वेगळी होताना उडणारी धूळ त्यांच्या नाकातोंडात जाई आणि हंगाम संपला की त्यांचे नावही कुठे उरत नसे. चार महिन्यांच्या आतल्या कारखान्यांना कायदा लागू व्हायला १९११ साल उजाडावे लागले. तरीही भेद उरलाच. १९३४ च्या कारखाना कायद्याने बारमाही कारखान्यात दिवसाला दहा तास ठरवले आणि हंगामी कारखान्यात अकरा. रेजाचे अंग गिरणीवाल्याच्या अंगाहून तासभर कमी दुखते, असे कुणाला वाटले असावे!

गिरणीतल्या बदलीवाल्याकडे सरकारचे लक्ष गेले ते १९२९ साली. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांविषयी रॉयल कमिशन नेमले गेले. त्याच्या साक्षीपुराव्याच्या खंडांत एक खंड मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा आहे. १९३१ च्या अहवालात कमिशनने जॉबरवर स्पष्ट बोट ठेवले. नेमणूक त्याच्या हाती, काढणे त्याच्या हाती, बदलीला कुणाला घ्यायचे हेही त्याच्याच हाती. त्यामुळे लाच ही जवळपास ठरलेली गोष्ट होती. बदलीवाला जितका लाचार, तितकी जॉबरची कमाई जास्त. मालकालाही हे सोयीचे होते. गैरहजेरीची भरपाई फुकटात होई आणि फाटकाबाहेरची गर्दी आतल्यांना न बोलता धाक घाले.

यावर पहिला तोडगा कायद्याने काढला नाही, मालकांनीच काढला. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदलीवाल्यांना कार्डे द्यायला सुरुवात केली. महिन्याच्या आरंभी ठरावीक माणसांना कार्ड मिळे, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे, आणि बदलीचे काम आधी त्यांनाच द्यायचे. मालकांचा हेतू शिस्तीचा होता, दयेचा नव्हता. पण या कार्डामुळे बदलीवाल्याच्या हाती प्रथमच नाव लिहिलेला कागद आला.

त्याच १९३५ साली वर्ध्यात एक वेगळी गोष्ट घडत होती. गांधीजी आदल्या वर्षापासून वर्ध्यात राहत होते. विनोबा नालवाडीला स्वतः कातून त्या मजुरीत जगता येते का, हे अंगावर घेऊन पाहत होते. बाजारात खादी महाग पडली तरी चालेल, पण कातणारीला पोटापुरते मिळालेच पाहिजे, असा आग्रह गांधीजींनी धरला आणि आठ तासांच्या कताईला आठ आणे हे ध्येय सांगितले. चरखा संघाने किमान मजुरीचे तत्त्व मान्य केले. प्रत्यक्ष दर मात्र ध्येयापेक्षा बराच खाली ठरला. मजुरी मागणी-पुरवठ्याने ठरू नये, जगण्याच्या गरजेने ठरावी, ही कल्पना हिंगणघाटच्या फाटकापासून जेमतेम एका दिवसाच्या चालीवर मांडली जात होती. पण कातणारीला दर मिळाला, काम किती मिळेल याची हमी तिलाही नव्हती. दर आणि दिवस यांतली ही फट पुढच्या सगळ्या कायद्यांत राहिलेली दिसेल.

नागपूरची कामगार चळवळ तोवर तापली होती. आर. एस. रुईकर हे तिचे ठळक नाव. स्वातंत्र्य येताना कायद्यांची रांग लागली. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने कामगारांची वर्गवारी लेखी करायला लावली. कायम, उमेदवारीवरचा, तात्पुरता, नैमित्तिक यांच्या ओळीत बदली हा स्वतंत्र वर्ग म्हणून कायद्याच्या भाषेत आला. १९४७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने औद्योगिक तंट्यांसाठी आपला वेगळा कायदा केला. वर्ध्याच्या गिरण्या त्याखाली आल्या. १९४८ चा किमान वेतन कायदा तर सर्वांना माहीत आहे, पण त्याचे पंधरावे कलम फारसे कुणी वाचले नाही. ज्या कामाला दिवसाचा किमान दर ठरला आहे, तिथे मजुराला कामावर घेतले आणि मालकाकडेच काम कमी पडले म्हणून लवकर घरी पाठवले, तरी पूर्ण दिवसाची मजुरी द्यायची, असे ते कलम सांगत होते. दोन तास राबवून घ्यायचे आणि दोन तासांचे पैसे हातावर ठेवायचे, हा प्रकार त्याने बेकायदा ठरवला. मात्र फाटकाबाहेरूनच परत पाठवलेल्याबद्दल ते काही बोलत नव्हते.

त्याच्याबद्दल बोलणारा कायदा १९५३ मध्ये आला, आणि तो आला संकटातून. त्या वर्षी देशभरच्या गिरण्यांत कापडाचे साठे पडून राहिले, पाळ्या बंद होऊ लागल्या, हजारो कामगार घरी बसण्याची वेळ आली. केंद्र सरकारने आधी वटहुकूम काढला आणि मग औद्योगिक तंटे कायद्यात दुरुस्ती केली. २४ ऑक्टोबर १९५३ पासून ती लागू धरली गेली. ले-ऑफ, म्हणजे काम नसल्यामुळे बसवून ठेवणे, याची त्यात व्याख्या झाली. हजेरीपटावरचा कामगार नेमल्या वेळी कामावर आला आणि दोन तासांत त्याला काम दिले नाही, तर तो त्या दिवसापुरता ले-ऑफ झाला असे मानायचे आणि मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यायची. काम न करता वाट पाहिल्याचेही मोल असते, हे या देशाच्या कायद्याने तेव्हा कबूल केले. मला वाटते, आपल्या कामगार कायद्यांतली ही सर्वांत धाडसी ओळ आहे.

बदलीवाल्याला ही भरपाई नव्हती. तो दुसऱ्याच्या जागी येणारा, त्याचे स्वतःचे नाव पटावर नाही. पण कायद्याने एक दार किलकिले ठेवले. ज्या बदलीवाल्याची त्या कारखान्यात वर्षभराची अखंड सेवा झाली, तो या कलमापुरता बदली राहत नाही. आणि बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ती वर्षाची अखंड सेवा धरायची. विदर्भातल्या कामगारांच्या बोलण्यात ‘दोनशे चाळीस’ हा आकडा शिरला तो असा. कामावरून कमी करताना महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा हक्कही याच आकड्याला बांधलेला होता.

जिनातल्या रेजाला यातले किती मिळाले? ले-ऑफची कलमे पन्नासहून कमी कामगारांच्या आणि हंगामी स्वरूपाच्या कारखान्यांना लागूच नव्हती. एकाच हिंगणघाटात एकाच कापसावर काम करणाऱ्या दोघांपैकी गिरणीतल्याला निदान मोजायला दिवस मिळाले, जिनातलीला तेही नाही. १८८१ मध्ये ज्या कारणाने तिला वगळले, त्याच कारणाने १९५३ मध्ये वगळले. मधे स्वराज्य येऊन गेले होते.

आणि २४० चा आकडा जाहीर होताच तो चुकवण्याची विद्याही जन्माला आली. दोनशे-सव्वादोनशे दिवस भरले की माणसाला ‘ब्रेक’ द्यायचा, थोड्या दिवसांनी पुन्हा घ्यायचा, कधी नाव थोडे बदलून घ्यायचा. कायद्याने मालकाला रेघ आखून दिली होती. तो रेघेच्या अलीकडे थांबायला शिकला.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६५ मध्ये मुंबई औद्योगिक संबंध कायदा विदर्भाला लागू झाला आणि मध्य प्रांताचा जुना कायदा मागे पडला. हिंगणघाटचा बदलीवाला आता मुंबईतल्या परळच्या बदलीवाल्याच्या पंगतीला बसला. इथून पुढे महाराष्ट्राने दोन गोष्टी केल्या ज्या तोवर देशात कुणी केल्या नव्हत्या.

पहिली हमालांसाठी. ओझे उचलणाऱ्याला एक मालक नसतो. सकाळी एका अडत्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे. मग हक्क कुणाकडे मागायचा? इंग्लंडात गोदी कामगारांचा हाच प्रश्न १९४७ च्या योजनेने सोडवला होता: मंडळ नेमा, कामगारांची नोंद करा, काम वाटून द्या, काम नसल्या दिवशीही काही मिळू द्या. आपल्याकडे १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने हाच मार्ग धरला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या माथाड्यांना संघटित केले, आणि १९६९ मध्ये वसंतराव नाईकांच्या सरकारने माथाडी कायदा केला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराला पगार देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, ग्रॅच्युइटी, औषधपाणी पाहते. पुढे नागपूर आणि वर्धा या दोन जिल्ह्यांसाठी मिळून एक मंडळ झाले. अनेक मालकांकडे थोडे थोडे राबणाऱ्या माणसाला एक कायमचा पत्ता मिळवून देण्याची ही युक्ती मला आजही अस्सल वाटते. दोष आहेत. मालक नोंद टाळतो, काही ठिकाणी माथाडीच्या नावाखाली खंडणी चालते, बाजार समितीबाहेरच्या गोदामांत मंडळ पोचत नाही. पण हे दोष अंमलाचे आहेत, कल्पनेचे नाहीत.

दुसरी गोष्ट थेट बदलीवाल्याची. फेब्रुवारी १९६८ मध्ये सरकारने कामगारविषयक अनुचित प्रथांवर एक समिती नेमली. तिच्या शिफारशींतून १९७१ चा कायदा झाला आणि ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला. अनुचित प्रथांची यादी त्याच्या चौथ्या परिशिष्टात आहे. तिचा सहावा मुद्दा असा: कायम कामगाराचा दर्जा आणि फायदे मिळू नयेत या हेतूने माणसांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून घेणे आणि वर्षानुवर्षे तसेच ठेवणे ही अनुचित प्रथा होय. ब्रेकच्या विद्येवर हा थेट घाव होता. आता दिवस मोजून चालणार नव्हते, मालकाचा हेतू तपासला जाणार होता. १९८२ च्या दुरुस्तीने हीच तरतूद केंद्राच्या औद्योगिक तंटे कायद्यात गेली. महाराष्ट्राने आधी केले, देशाने मागून घेतले, अशा गोष्टींच्या यादीत रोजगार हमीचे नाव सगळे घेतात; या कलमाचे कुणी घेत नाही.

दुर्दैव असे की हत्यार हाती आले तेव्हा गिरण्याच खचत होत्या. हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारच्या ताब्यात गेली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बदलीवाल्यांना कायम करा, ही त्यातली एक प्रमुख मागणी होती आणि सर्वांत चिवटपणे टिकणाऱ्यांत बदलीवाले होते. संप फसला. १९८६ मध्ये मुंबईच्याच प्रकाश कॉटन मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बदली कामगाराला कामाची हमी नसतेच, तो कुणाच्या तरी गैरहजेरीत येतो. म्हणून गिरणी बंद पडली तर नोकरी गेली अशी तक्रार करून भरपाई मागण्याचा त्याला अधिकार नाही. तर्क बिनचूक आहे. ज्याला काही दिलेच नव्हते त्याचे काही गेले नाही, असा तो तर्क.

पुढे मुद्दा पुराव्यावर आला. २००२ मध्ये हदीमणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४० दिवस भरल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी कामगारावर टाकली. हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि सिद्ध करायचे कामगाराने. नंतरच्या निकालांनी हे थोडे सैल केले; कामगाराने पट मागवावा, मालकाने तो दडवला तर परिस्थिती पाहून न्यायालय तर्क काढू शकते. २००९ मध्ये एसटीच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने सहाव्या मुद्द्याची धार कायम असल्याचे सांगितले: अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालय कायम करण्याचा आदेश देऊ शकते.

आता गिरण्यांतला तो काळ संपला आहे. देवळीच्या औद्योगिक वसाहतीत, गोदामांत, दवाखान्यांत माणसे कंत्राटदारामार्फत येतात आणि घरपोच माल देणारी पोरे फोनवर काम येण्याची वाट पाहतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत बदली कामगाराची जुनी तरतूद आणि अनुचित प्रथांची यादी दोन्ही आहेत. पण स्थायी आदेश आता तीनशे किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणीच बंधनकारक राहिले. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात एवढी माणसे असलेले कारखाने किती, याचा अंदाज वाचकाने करावा. सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवर काम करणाऱ्याला गिग कामगार म्हणून ओळखले आणि कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधी घेण्याची तरतूद केली. विमा मिळेल, निधी मिळेल. दिवसाचे तास किती, हा प्रश्न संहितेने विचारलेला नाही. गंमत म्हणजे इंग्लंडने १९८९ मध्ये गोदीची योजना मोडीत काढली आणि २०२५ मध्ये झिरो अवरवाल्यांना तासांची हमी देऊ करण्याचा कायदा केला, म्हणजे फिरून तिथेच आले.

माझे मत असे की आपल्याकडे नव्या तत्त्वाची गरज नाही. थांबलेल्या माणसाच्या वेळेला मोल आहे हे १९५३ ने सांगितले, अनेक मालकांच्या मजुराला एक मंडळ देता येते हे १९६९ ने दाखवले, आणि कायमचे तात्पुरते ठेवणे गैर आहे हे १९७५ पासून आपल्या राज्यात लागू आहे. ही तिन्ही तत्त्वे जिनातल्या रेजापर्यंत आणि फोनकडे बघत बसलेल्या पोरापर्यंत नेणे एवढेच उरले आहे. ते होईपर्यंत रोजंदारीवर, कंत्राटावर किंवा बदलीवर असणाऱ्या प्रत्येकाने हजेरीची चिठ्ठी, गेटपास, बँकेतली पगाराची नोंद, फोनवर आलेला कामाचा निरोप यांतले काहीही फेकू नये. न्यायालयात दिवस मोजले जातात, आणि ते मोजून दाखवायचे काम आजही कामगाराचेच आहे.